ज्यांची भाषाच तेवढी सापडली: लुवी लोक कोण होते?

सप्टेंबर २०२३मध्ये तुर्कस्तानातून एक बातमी आली होती. बोगाझकोय इथे, म्हणजे जिथे एके काळी हित्ती साम्राज्याची राजधानी हट्टुशा होती तिथे, मातीची एक लेखपाटी सापडली. तिच्यावर हित्ती भाषेत एका विधीचं वर्णन होतं आणि मध्येच सूचना होती, की इथून पुढचं कलाश्मा देशाच्या भाषेत म्हणायचं. त्यापुढचा मजकूर अशा भाषेत होता जी आजवर कुणी पाहिलीच नव्हती. आपल्याकडच्या पूजेच्या पोथीत 'आता पळीभर पाणी सोडावे' हे मराठीत असतं आणि मंत्र संस्कृतात. तसाच हा प्रकार.

बातमीच्या शेवटी शेवटी असं होतं, की ही नवी भाषा लुवी भाषेच्या जवळची वाटते. म्हणजे एक अनोळखी नाव समजावायला दुसरं अनोळखी नाव. हित्ती लोकांबद्दल शाळेत निदान एखादी ओळ तरी वाचलेली असते. लुवी (इंग्रजी पुस्तकांतून येणारं रूप 'लुवियन') हे मात्र बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. आणि गंमत म्हणजे हित्तींचं म्हणून जे आपण चित्रांत पाहतो, त्यातलं बरंचसं लुवी भाषेत लिहिलेलं आहे.

हे नाव देशाचं की लोकांचं?

खरं सांगायचं तर भाषेचं. हित्ती लेखनिक एखादा मजकूर 'लुविली' आहे असं लिहायचे, म्हणजे 'लुवीत', जसं आपण 'मराठीत' म्हणतो. हित्ती कायद्यांच्या जुन्या प्रतीत 'लुविया' नावाच्या प्रदेशाचा उल्लेख आहे, पण पुढच्या काळातल्या प्रतीत त्याच जागी एके ठिकाणी 'अर्झावा' असं नाव आलं. त्यानंतर लुविया नावाचं काही नकाशावर उरलं नाही.

लुवी भाषा मात्र पसरलेली होती. आजच्या तुर्कस्तानचा, म्हणजे अनातोलियाचा, पश्चिम आणि दक्षिण भाग डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला अर्झावा आणि मीरा, दक्षिणेला तर्हुंताश्शा, आग्नेयेला किझ्झुवात्ना. या वेगवेगळ्या राज्यांत लुवी किंवा तिच्या जवळच्या बोली चालत. एकच राजा, एकच राजधानी, एकच झेंडा असं कधीच नव्हतं. स्वातंत्र्याच्या आधी मराठी बोलणारा माणूस मुंबई प्रांतात होता, निजामाच्या हैदराबादेत होता, मध्य प्रांतात होता. 'मराठी लोकांचा राजा कोण?' असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर काय उत्तर देणार? लुवींचं तसंच आहे. त्यांचा सम्राट शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. त्यांची भाषा शोधायला गेलं की हजार-बाराशे वर्षांचा माग लागतो.

हा माग इसवी सनापूर्वी १९००च्या आसपास सुरू होतो. मध्य तुर्कस्तानात कुलतेपे इथे असीरियाच्या (आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन राज्याच्या) व्यापाऱ्यांची पेठ होती. त्यांच्या हिशेबाच्या पाट्यांत स्थानिक माणसांची जी नावं येतात त्यांत काही लुवी आहेत. एखाद्या भाषेचा पहिला पुरावा देणेकऱ्यांच्या यादीत मिळावा, हे मला फार आवडतं.

मग हित्ती वेगळे कसे?

हित्ती ही बहीण भाषा. दोन्ही इंडो-युरोपीय कुळाच्या अनातोली शाखेतल्या. इंडो-युरोपीय म्हणजे ज्या कुळात संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि आपली मराठीही येते ते. हित्ती राजांचा दरबार हित्तीत चाले, पण इसवी सनापूर्वी तेराव्या शतकापर्यंत खुद्द हट्टुशात लुवी बोलणारे खूप झाले होते. हे कळलं कसं? लेखनिक हित्तीत लिहिता लिहिता मध्येच लुवी शब्द वापरायचे आणि त्याच्या आधी एक-दोन तिरप्या खुणा करायचे. हा शब्द बाहेरचा आहे बरं का, असं सांगणाऱ्या. आपण लिहिताना इंग्रजी शब्दाला अवतरणचिन्हं लावतो तसं. अशा खुणा उशिराच्या पाट्यांत वाढत जातात. घरात कुठली भाषा बोलली जात होती याचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा कुठला?

एक भाषा, दोन लिप्या

लुवी दोन लिप्यांत लिहिली गेली. पहिली कीलाकार: ओल्या मातीवर बोरू टोचून काढलेल्या खिळ्यांसारख्या खुणा. ही मेसोपोटेमियातून आलेली, दप्तरखान्यात वापरायची. दुसरी चित्रलिपी, घरची: हात, पाय, बैलाचं डोकं, माणसाचा चेहरा अशी सुमारे पाचशे चिन्हं. ही खडकांवर, दगडी कोरीव कामात आणि शिक्क्यांवर मिरवायची. कचेरीत मोडी आणि छापायला बाळबोध हे ज्यांनी आजोबांच्या कागदपत्रांत पाहिलं आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चित्रलिपी म्हटलं की इजिप्त आठवतं, पण या लिपीचा इजिप्तच्या लिपीशी संबंध नाही. दोन्हींत चित्रं आहेत, साम्य तेवढंच. लुवी चित्रलिपीची वाचायची दिशाही मजेशीर. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुन्हा उलट. नांगराचे बैल नांगरटीच्या एका ओळीच्या टोकाला वळून परत येतात तसं. वाचणारा हरवू नये म्हणून सोय अशी, की चिन्हांतले चेहरे ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. चेहरे जिकडे पाहतात तिकडून वाचायला लागायचं.

वाचली कशी?

सीरियातल्या हमा शहरात घरांच्या भिंतींमध्ये चित्रं कोरलेले काळे दगड बसवलेले होते. १८१२मध्ये बुर्कहार्ट या प्रवाशानं त्यातल्या एकाची नोंद केली होती, पण साठ वर्षं पुढे काही झालं नाही. गावात एका दगडाबद्दल श्रद्धा होती की त्यावर पडून राहिलं की संधिवात बरा होतो. १८७२मध्ये विल्यम राइट नावाच्या पाद्र्यानं तुर्की सुभेदार सुभी पाशाच्या मदतीनं ते दगड भिंतीतून काढवले. लोक चिडले. त्यात रात्री आकाशातून उल्कांचा पाऊस पडला, आणि सकाळी मंडळी पाशाकडे तक्रार घेऊन आली की हा दैवी कोप आहे. राइटनं लिहून ठेवलंय की पाशानं शांतपणे विचारलं, कुणाला लागलं का? माणूस, गुरं? नाही ना, मग तो कोप नव्हता, आशीर्वाद होता. दगड इस्तंबूलला गेले, त्यांचे साचे लंडनला.

साचे मिळाले, पण वाचायचं कसं? अनोळखी भाषा अनोळखी लिपीत असेल तर तिथे बुद्धी चालत नाही. एक तरी टोक ओळखीचं लागतं. असं एक छोटं टोक आधीच बाजारात फिरत होतं. चांदीचा एक गोल शिक्का, कडेनं कीलाकार अक्षरं आणि मधोमध राजाची आकृती व चित्रं. तोच मजकूर दोन लिप्यांत. १८६०मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला विकायला आला, तेव्हा तिथल्या जाणकारांना तो बनावट वाटला. त्यांनी घेतला नाही, पण एक प्रतिकृती करून ठेवली. १८८०मध्ये आर्चिबाल्ड सेस या ब्रिटिश अभ्यासकानं त्याच शिक्क्यावरून काही चिन्हं ओळखली. राजाचं नाव मात्र चुकलं. त्यांनी ते 'तर्कोंदेमोस' सारखं वाचलं.

बरोबर नाव लागायला १९९८ उजाडलं. लुवीचे अभ्यासक डेव्हिड हॉकिन्स यांनी ते 'तर्कस्नावा, मीराचा राजा' असं वाचलं. 'तर्कस्ना' म्हणजे गाढव, आणि शिक्क्यावर खरोखर गाढवाचं मुंडकं आहे, त्यापुढे 'वा' हे अक्षर. कुणी 'सातपुते' हे आडनाव '७पुते' असं लिहावं, अगदी तसं. आकडा चित्रासारखा, बाकीचं अक्षरांत. ही लिपी अशीच चालते: काही चिन्हं अख्खा शब्द, काही नुसता उच्चार, आणि काही 'पुढे देवाचं नाव आहे', 'पुढे देशाचं नाव आहे' असं सांगणारी पण न उच्चारायची.

या एका नावानं आणखी एक गाठ सुटली. इझमीरजवळ काराबेल खिंडीत खडकावर धनुष्य घेतलेल्या योद्ध्याचं शिल्प आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं ते इजिप्तच्या सेसोस्त्रिस राजाचं म्हणून सांगितलं होतं. तो हाच तर्कस्नावा निघाला.

पण नुसत्या एका शिक्क्यावर भाषा उभी राहत नाही. मोठा आधार मिळाला १९४६मध्ये. दक्षिण तुर्कस्तानात काराटेपेच्या टेकडीवर सिंहाचा एक दगड असल्याचं गावकरी सांगत होते. हेल्मुट बोसर्ट आणि हालेत चांबेल हे पुरातत्त्वज्ञ तिथे पोचले. तटबंदीच्या दोन वेशींवर एकच लांबलचक मजकूर दोन भाषांत कोरलेला होता, फिनिशियनमध्ये (लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापारी लोकांची भाषा) आणि चित्रलिपीतल्या लुवीत. फिनिशियन वाचता येत होती. किल्ली मिळाली. (हालेत चांबेल १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजी खेळल्या होत्या आणि त्यांनी हिटलरला भेटायला नकार दिला होता. पुढे काराटेपेचे दगड जागेवरून न हलवता जपण्यात त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घातली.)

मजकूर आहे अझातिवादा नावाच्या अधिपतीचा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. बढाई आहेच. पण एक जागा वाचताना थांबायला होतं. तो म्हणतो की जिथून जायला पूर्वी पुरुषही घाबरत, तिथून माझ्या काळात बाया चाती हातात घेऊन जातात. चाती म्हणजे सूत कातायची टकळी. राज्य सुरक्षित आहे हे सांगायला त्याला किती शत्रू मारले याची यादी पुरली नाही, सूत कातत जाणारी बाई आठवली.

आणि तरीही एक गोंधळ उरलाच. काही नेहमीची चिन्हं पुढे कित्येक वर्षं चुकीची वाचली जात होती. १९७३च्या सुमारास हॉकिन्स, ॲना मॉरपुर्गो-डेव्हिस आणि ग्युंटर नॉयमन यांनी दाखवलं की ज्यांना 'इ' समजत होतो ती 'झि' आणि 'झा' आहेत. देवनागरी शिकणाऱ्यानं प्रत्येक 'ध'ला 'घ' वाचत जावं आणि 'मराठी फार विचित्र भाषा आहे बुवा' म्हणावं, तशी गत झाली होती. दुरुस्ती होताच चित्रलिपीतली भाषा आणि कीलाकार लिपीतली लुवी जवळजवळ एकच असल्याचं स्पष्ट झालं. तोवर पहिलीला सर्रास 'हित्ती चित्रलिपी' म्हणत होते. लुवी लोक कुणाला माहीत नाहीत याचं एक कारण हेच, की त्यांच्या दगडांवर पाटी दुसऱ्याच्या नावाची लागली होती.

आपल्या भाषेशी नातं आहे का?

आहे, पण लांबचं. गोठ्यात डोकावून पाहा. लुवीत गाय म्हणजे 'वावी', संस्कृत गौ. घोडा 'अझुवा', संस्कृत अश्व. कुत्रा 'सुवानी' सारखा, संस्कृत श्वन्, आपलं श्वान. मेंढी 'हावी', संस्कृत अवि.

या शेवटच्या शब्दातला 'ह' फार महत्त्वाचा आहे. फेर्दिनां द सोस्यूर या तरुण भाषाशास्त्रज्ञानं १८७९च्या प्रबंधात केवळ तर्कानं सांगितलं होतं, की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत, जे संस्कृत, ग्रीक, लॅटिन सगळ्यांत हरवले. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे हित्ती वाचता आली, आणि त्यानं सांगितलेल्या जागांपैकी कित्येक ठिकाणी खरोखर 'ह' बसलेला सापडला. लुवीतली मेंढी त्यातलीच. 'अवि'मध्ये गळालेलं अक्षर 'हावी'नं सांभाळून ठेवलं.

देवांचंही असंच. मेघगर्जनेचा देव तर्हुंत, नावाचा अर्थ 'जिंकणारा'. अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'तॄ' धातूशी लावतात, ज्यातून आपलं तरणं आलं. सूर्यदेव तिवाद, त्याचं मूळ द्यौः शब्दाच्या मुळाशी जातं. तुर्कस्तानात इव्रिझ इथे खडकावर तर्हुंत कोरलेला आहे. हातात द्राक्षांचा घड आणि गव्हाच्या लोंब्या, समोर हात जोडून तुवानाचा राजा वर्पलावास. राजापेक्षा देव कितीतरी मोठा. पाऊस देणाऱ्याच्या हातात वज्राऐवजी पीक.

म्हणजे हे वैदिक लोकच होते की!

नाही. हे वाक्य समाजमाध्यमांवर इतक्या वेळा फिरतं की सरळच सांगतो. अनातोली भाषा मूळ कुळापासून सगळ्यांत आधी वेगळ्या झाल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृतातली तीन लिंगं त्यांच्यात नाहीत, सजीव-सामान्य आणि नपुंसक अशी दोनच. चुलत घराण्यात आजोबांचं नाक दिसलं म्हणून ते आपल्या घरात जन्मले असं होत नाही.

गैरसमजाला कारण आहे, हेही खरं. हट्टुशाच्याच दप्तरात खरोखरच्या भारतीय-आर्य खुणा सापडतात. घोड्यांच्या शिक्षणावर किक्कुली नावाच्या माणसाचा ग्रंथ आहे, त्यात अइका, तेरा, पांझा, सत्ता असे आकडे येतात. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावलंय. पण हे शब्द आले उत्तर सीरियाच्या भागातल्या मितान्नी राज्याकडून. मितान्नी वेगळे, हित्ती वेगळे, लुवी वेगळे. दप्तर एक असलं म्हणून माणसं एक नव्हेत.

ट्रॉयचे लोक लुवी बोलत होते का?

हित्ती कागदपत्रांत विलुसा नावाचं राज्य येतं, ते म्हणजे होमरचं इलिऑन, ट्रॉय, असं आज बहुतेकजण मानतात. विलुसाचा राजा अलक्सांदू यानं हित्ती राजा मुवातल्ली दुसरा याच्याशी तह केला होता. १९९५मध्ये ट्रॉयच्या उत्खननात काशाचा छोटा शिक्का मिळाला, त्यावर लुवी चित्रलिपीत एका बाजूला लेखनिकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोचं. एवढ्यावर ट्रॉय लुवी होतं असं म्हणायचं का? शिक्का खिशात मावतो. खिशात मावणारी वस्तू कुठूनही कुठेही जाते. शक्यता आहे, सिद्ध झालेलं नाही.

लुवींनी म्हणे साम्राज्यं बुडवली?

इसवी सनापूर्वी १२००च्या आसपास पूर्व भूमध्य भागात मोठी पडझड झाली. हट्टुशा ओस पडलं, ग्रीसमधले राजवाडे जळाले, इजिप्तवर समुद्रातून हल्ले झाले. हे सगळं पश्चिमेकडच्या लुवी राज्यांनी एकत्र येऊन केलं, असा एबरहार्ड त्सांगर या भू-पुरातत्त्वज्ञांचा दावा आहे. २०१७मध्ये त्याला मोठाच पुरावा मिळाल्याची बातमी आली: बेयकोय गावचा २९ मीटर लांबीचा लुवी शिलालेख. मूळ दगड नाहीत, ते म्हणे १८७८नंतर मशिदीच्या पायात गेले. उरली ती नक्कल, तीही जेम्स मेलार्ट यांच्या कागदपत्रांत. मेलार्ट म्हणजे तुर्कस्तानातली चातालह्योयुक ही अश्मयुगीन वस्ती शोधणारे, मोठा माणूस. २०१२मध्ये ते वारले.

तज्ज्ञांना पहिल्यापासून शंका होती. २०१८मध्ये खुद्द त्सांगर मेलार्ट यांच्या घरची कागदपत्रं चाळायला गेले आणि बाहेर येऊन सांगितलं की या गृहस्थांनी वर्षानुवर्षं मजकूर स्वतःच रचले होते. भित्तिचित्रांची खोटी रेखाटनंसुद्धा केली होती. स्वतःच्या दाव्याचा आधार आपणच उघडा पाडला, एवढं श्रेय त्सांगर यांना द्यायलाच हवं. दैव पाहा: खरा चांदीचा शिक्का बनावट म्हणून परत पाठवला गेला, आणि बनावट शिलालेख खरा म्हणून जगभर छापून आला.

ही सगळी कहाणी 'लुवींचं साम्राज्य' हवंच या हट्टातून येते, असं मला वाटतं.

हट्टुशा पडल्यावर

हित्ती भाषा राजधानीबरोबर गेली. लुवी उरली. कारकेमिश, मलात्या, हमा, तबाल, तुवाना अशी छोटी राज्यं पुढची चार-पाचशे वर्षं लुवीत दगड कोरत राहिली. दरबाराची भाषा दरबार उठला की संपते, चुलीपाशी बोलली जाणारी तशी संपत नाही.

यांतला मला सगळ्यांत आवडणारा माणूस म्हणजे कारकेमिशचा यारिरी, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमाराचा. हा राजा नव्हता. राजपुत्र कमानी लहान होता म्हणून कारभार पाहणारा पालक होता. एका शिलालेखात तो सांगतो की आपल्याला चार लिप्या आणि बारा भाषा येतात. लिप्यांची यादीही देतो: आपल्या शहराची, असीरियाची, फिनिशियन मानली जाणारी एक, आणि तैमानी नावाची. भाषा शिकायला काय केलं? धन्यानं देशोदेशीच्या वाटसरूंना माझ्यापुढे आणलं, म्हणतो. राजे शत्रूंची मुंडकी मोजत होते त्या काळात हा गडी भाषा मोजतोय.

त्यानं भिंतीवर कमानी आणि त्याच्या भावंडांची शिल्पं कोरवली, प्रत्येकाचं नाव घालून. राजघराण्यातली ही पोरं करतायत काय? कुणी मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळतंय, कुणी भोवरा फिरवतंय.

रोजच्या व्यवहाराची भाषाही थोडी सापडली आहे. असीरियाच्या अश्शूर शहरात शिशाच्या पातळ पट्ट्यांवर कोरलेली लुवी पत्रं मिळाली, गुंडाळी करून ठेवलेली. व्यापारी पत्रं आहेत: कुशल विचारायचं, मग माल पाठवायला सांगायचं, आणि मधूनच तक्रार, की तुझं पत्र का नाही.

इसवी सनापूर्वी ७२०मध्ये हमा आणि ७१७मध्ये कारकेमिश असीरियाच्या सार्गोन दुसऱ्यानं घेतलं. थोड्याच काळात चित्रलिपी थांबली. भाषा कधी थांबली हे सांगणं अवघड, पण नावं टिकली. दक्षिण तुर्कस्तानात सिलिफ्केजवळ कोरिकिअन गुहेपाशी झ्यूसचं देऊळ होतं. त्याच्या भिंतीवर पुजाऱ्यांची लांब यादी ग्रीक अक्षरांत कोरलेली आहे आणि ती रोमन काळापर्यंत येते. देव ग्रीक, अक्षरं ग्रीक. पण पुजाऱ्यांची कितीतरी नावं लुवी आहेत, आणि काहींच्या आरंभी 'तर्कु' आहे. तो तर्हुंत.